नराचं बीज सोडलं, तरी दिवाळीला तळं पिल्लांनी भरतं: मादी येते कुठून?

चार वर्षं सलग एकच दुखणं. जुलैत तिलापिया माशाचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, तळ्यात सोडायचं, पावतीवर ‘मोनोसेक्स, सर्व नर’ असं ठसठशीत छापलेलं. गणपतीपर्यंत सगळं झकास. आणि दिवाळीच्या आसपास सकाळी तळ्यावर गेलं की काठालगत पाण्यात एक काळा ढग हलताना दिसायचा. पाय आपटला की फुटायचा, क्षणात परत जुळायचा. नखाएवढी पिल्लं, हजारोंनी. फेब्रुवारीत तळं उपसलं की विकण्याजोगा मासा चार टोपल्या, आणि बोटाएवढ्या चिलापी, म्हणजे तिलापियाच, वीस टोपल्या. पोयनाडच्या बाजारात त्या कोणी फुकटही उचलत नाही. खाद्य मात्र सगळ्यांनी मिळून खाल्लेलं.

माझं तळं पेण-अलिबाग पट्ट्यात, पाच गुंठ्यांचं. हीच रड घेऊन आता इतके फोन येतात की एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. बहुतेक जण फोन उचलल्या उचलल्या म्हणतात, “बीजवाल्याने फसवलं.” मीही तेच म्हणत होतो, आणि बरंच वाईट बोललो होतो. त्यातलं निम्मं मला नंतर परत घ्यावं लागलं.

आधी तारीख आठवा, मग भांडा

पहिली पिल्लं कधी दिसली? बीज सोडून तीन-चार आठवड्यांत दिसली असतील, तर बीजवाल्याचा काही संबंध नाही. दोन ग्रॅमची बोटुकली इतक्यात आई होत नाही. तिलापिया कितीही उतावळी असली तरी तिला वयात यायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे मोठा मासा तळ्यात आधीपासून होता.

“तळं पूर्ण सुकवलं होतं” हे मला सांगू नका. मीही सुकवलं होतं. पंपाच्या खड्ड्यात दोन घमेली चिखलपाणी उरलेलं असतं, ते कोणी बघत नाही. तिलापियाची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. जाळ्यात सापडली की घाबरून सगळी पिल्लं थुंकते आणि स्वतः टोपलीत जाते. ती पिल्लं त्या घमेलीभर पाण्यात पाऊस येईपर्यंत मजेत राहतात.

यावर उपाय दोनच. तळाला भेगा पडेपर्यंत ऊन द्यायचं. ते जमत नसेल, झरे असतील, तर मोहाची पेंड. एक घनमीटर पाण्याला 250 ग्रॅम हे प्रमाण. पाच गुंठ्यांत गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाणी ठेवलं तर साधारण 250 घनमीटर होतं. त्याला 62-63 किलो पेंड. रात्रभर भिजवून सगळीकडे शिंपडायची. पेंडीचं विष उतरायला दोन-तीन आठवडे जातात, त्याआधी बीज सोडू नका. नंतर तीच पेंड खत म्हणून कामाला येते, पैसे वाया जात नाहीत.

पिल्लं श्रावणात, मोठ्या पावसानंतर दिसली तर संशय ओढ्यावर घ्या. तळं एकदा ओसंडलं की बाहेरची मंडळी आत येतात. बाहेरची म्हणजे काळी चिलापी, मोझांबिक तिलापिया. ती 1952 साली देशात आणली गेली आणि आता ओढे, खाड्या, गावाची गटारं, कुठे नाही असं नाही. ओळखायला सोपी आहे. मासा हातात घ्या आणि शेपटी उलगडा. आपण सोडतो ती गिफ्ट, म्हणजे नाईल तिलापियाचा निवडलेला वाण. तिच्या शेपटीवर उभ्या रेघा असतात, कंगव्याच्या दातांसारख्या. मोझांबिकच्या शेपटीवर तशा रेघा नसतात, आणि तिचा माजावर आलेला नर काळाकुट्ट, गळ्याला पांढरा असतो. या दोन जातींचं आपसात जमतं. म्हणून तुमचं बीज खरोखर शंभर टक्के नर असलं तरी बाहेरून आलेल्या दहा काळ्या माद्या पुरतात.

पिल्लं तीन-साडेतीन महिन्यांनी दिसली, शेपटीवर रेघा स्पष्ट, तळं ओसंडलं नव्हतं? मग मादी बीजातूनच आली. पण तरी फसवलं असं म्हणायच्या आधी मोजणी करा.

जांभळी काडी

पन्नास ग्रॅमच्या पुढचा मासा असला की नर-मादी हाताने कळते, फक्त नजर बसायला हवी. मासा ओल्या फडक्यात उताणा धरायचा. गुदद्वाराच्या मागे एक छोटा उंचवटा असतो, तिथे जेंशन व्हायोलेट लावायचं. लहानपणी तोंड आलं की आई जे जांभळं औषध लावायची, तेच. कानातला कापूस काढायची काडी त्यात बुडवायची, उंचवट्यावर टेकवायची, जास्तीचं पुसून घ्यायचं. रंग भेगांमध्ये उतरतो. नराला एकूण दोन छिद्रं: गुदद्वार, आणि उंचवट्याच्या टोकाला एक बारीक ठिपका. मादीला त्या दोहोंच्या मध्ये तिसरं, ठिपका नव्हे तर आडवी चीर, नखाने ओढल्यासारखी. अंडी तिथून येतात. पहिले दहा मासे चुकतात. अकराव्याला ती जांभळी चीर एकदा दिसली की मग न दिसणं शक्य नाही.

मी आणि भाच्याने पडवीत बसून शंभर मासे तपासले. अकरा माद्या निघाल्या. हातांचा रंग चार दिवस गेला नाही.

शंभरात दोन-तीन निघाल्या तर बीजवाल्याला दोष देऊ नका, चांगल्या हॅचरीचाही माल तसाच असतो. पण दोन टक्के म्हणजे काय ते कागदावर मांडून बघा. तीन हजार बीज सोडलं तर साठ माद्या. एकेकीने तीनशे पिल्लं काढली तरी एका फेरीत अठरा हजार. आणि आपल्याकडचं पाणी थंडीतही फारसं गार होत नाही, त्यामुळे महिना-दीड महिन्याने पुढची फेरी. शिवाय तोंडात पिल्लं असताना मादी काही खात नाही, म्हणून ती वाढतही नाही. नर बिनकामाचा, खाऊन फुगतो. आपल्याला नर हवेत ते याचसाठी. अकरा टक्के मात्र जास्तच. तिथे काहीतरी बिघडलेलं असतं, आणि काय बिघडलं ते कळायला मासा नर किंवा मादी होतो कसा, हे थोडं समजून घ्यावं लागतं. मला ते भाच्याने समजावलं. तो रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकला आहे.

मुलगा की मुलगी, हे माशात एकदाच ठरत नाही

आपल्याला शाळेतलं एक्स-वाय आठवतं. माणसात वाय गुणसूत्रावरचं एक जनुक गर्भाला मुलग्याच्या वाटेवर ढकलतं. ते जनुक 1990 मध्ये सापडलं. एकदा ढकललं की विषय संपला. आईने गर्भारपणात ऊन खाल्लं की सावली, फरक पडत नाही.

माशांचं तसं नाही. प्रत्येक जातीने स्वतंत्र दुकान मांडलंय. जपानच्या भातखाचरातल्या मेडाका माशात असं जनुक 2002 मध्ये मिळालं, ते माणसातल्यापेक्षा वेगळंच निघालं. नाईल तिलापियाचं 2015 मध्ये कळलं, ते तिसरंच. नाईल तिलापियात एक्स-एक्स मादी, एक्स-वाय नर. तिच्या जवळची नातलग निळी तिलापिया, तिच्यात कोंबड्यांसारखं: नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. त्यावर कडी म्हणजे गिफ्टचा वाणच मुळात खिचडी आहे. 1988 साली फिलिपिन्समध्ये ते काम सुरू झालं, तेव्हा इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधले रानटी मासे आणि आशियातले चार पाळीव वाण एकत्र केले होते. लिंगाचा निर्णय घेणारी जागा सगळ्या वाणांत एकाच गुणसूत्रावर नसते. त्यामुळे हिशेब वहीत बसतो तसा पाण्यात बसत नाही.

आणि जनुक फक्त पहिला शब्द बोलतं. पिल्लू जन्मलं तेव्हा त्याच्या पोटातली ग्रंथी कोरी असते, वृषण होऊ शकते, अंडाशय होऊ शकते. ती कुठे वळणार हे शरीरात अरोमाटेज नावाचं विकर किती बनतं यावर ठरतं. हे विकर नराच्या संप्रेरकाचं मादीच्या संप्रेरकात रूपांतर करतं. भरपूर असलं तर अंडाशय, दबलं तर वृषण. अंडं फळल्यापासून साधारण दहाव्या दिवसानंतरचे काही आठवडे हे दार उघडं असतं. त्या वेळात जो कोणी हात घालील तो निकाल फिरवू शकतो. नंतर दार बंद.

हॅचरीवाले नेमकं हेच करतात. पिल्लं मादीच्या तोंडातून घेतली की त्यांना तीन ते चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळलेलं खाद्य देतात, किलोला 60 मिलिग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. जन्माने मादी असलेलं पिल्लूही नर होतं. (हे खाल्लेला मासा खाऊन माणसाला काही होतं का, असं आमची ही मला दर वेळी विचारते. औषध दिलं जातं तेव्हा पिल्लू एका ग्रॅमचंही नसतं. ताटात येतो तेव्हा त्याला पाच-सहा महिने होऊन गेलेले असतात. औषध केव्हाच शरीरातून गेलेलं असतं.)

आता बिघाड कुठे होतो बघा. वेगवेगळ्या दिवशी जन्मलेली पिल्लं एका टाकीत घातली, तर थोरल्यांचं दार बंद झालेलं असतं. त्यांना औषध देऊन उपयोग नाही. पिल्लं स्वच्छ टाकीऐवजी हिरव्या पाण्याच्या तळ्यात वाढवली, तर ती शेवाळ आणि पाणपिसवा खाऊन पोट भरतात, औषधाच्या खाद्याला तोंड लावत नाहीत. खाद्य दिवसातून चार-पाच वेळा न देता दोनदाच उरकलं, तर दांडगी खातात, किरकोळ उपाशी राहतात. माझ्या अकरा माद्या बहुधा यातल्याच कुठल्यातरी फटीतून आल्या. बीज घेताना मी आता हेच विचारतो: पिल्लं किती मिलिमीटरची असताना औषध सुरू केलं, टाकीत की तळ्यात, दिवसातून किती वेळा. चौदा मिलिमीटरच्या आतलीच पिल्लं घेतो असं जो पटकन सांगतो, त्याला काम माहीत आहे. जो “आमचं शंभर टक्के असतं” एवढंच म्हणतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

माझी स्वतःची करणी

दुसऱ्या वर्षी बीजाचे पैसे वाचवावेत म्हणून मी एक शहाणपणा केला होता. तळं उपसताना सगळ्यात दांडगे दोन नर बाजूला ठेवले, सहा माद्या ठेवल्या, दोन हापे (पाण्यात बांधायचे जाळीचे पिंजरे) बांधले. एकेका हाप्यात एक नर आणि तीन माद्या. मनात म्हटलं, एवढ्या तगड्या बापाची पोरं तगडीच होणार. (हे करू नका. तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी लागते आणि एकलिंगी नरांचंच किंवा वांझ बीज सोडायचं हा नियम आहे. मी तेव्हा तो वाचलाच नव्हता.)

डिसेंबरात पिल्लं झाली. वाढल्यावर जांभळी काडी लावली. पश्चिमेच्या हाप्यातली पिल्लं निम्मी नर, निम्म्या माद्या. पूर्वेच्या हाप्यातल्या साठातल्या साठ माद्या! एक नर नाही. मला वाटलं आमचा हात बिघडला. आत्या मासे विकते, तिला बोलावलं. तिने दोन मासे चिरले, दोन्हींत पिवळी अंडी. “समद्या पोरी हायत रं तुज्या,” म्हणाली आणि हसत सुटली.

भाच्याने एकच प्रश्न विचारला. “मामा, तो नर जन्माने नर होता, का केलेला?”

तिथे माझी ट्यूब पेटली. औषधाच्या खाद्यावर वाढलेल्या नरांत जवळजवळ निम्मे जन्माने एक्स-एक्स असतात. दिसायला नर, वागायला नर, वीर्यही असतं. पण त्यात वाय नाहीच. अशा बापाने एक्स-एक्स मादीशी संसार केला की पोटी फक्त मुली. पश्चिमेच्या हाप्यातला खरा एक्स-वाय होता, म्हणून तिथे निम्मे-निम्मे. दोघे उन्हात शेजारी ठेवले असते तर ब्रह्मदेवालाही फरक कळला नसता. कळला तो पोरांवरून.

म्हणून हे पक्कं लक्षात असू द्या: विकत घेतलेल्या मोनोसेक्स माशातून स्वतःचं बीज काढायचं नाही. औषधाने पिढी बदलत नाही, फक्त तो एक मासा बदलतो.

याच गोष्टीचा हॅचरीवाले उलटा फायदाही घेतात. एक्स-वाय पिल्लाला मादीचं संप्रेरक देऊन मादी करायचं, तिचा खऱ्या नराशी जोड लावायचा, तर चार पोरांत एकाला वाय-वाय मिळतो. असा वाय-वाय नर साध्या मादीबरोबर ठेवला की सगळी पोरं एक्स-वाय, म्हणजे खाण्याच्या माशाला औषध द्यायलाच नको. ही पोरंही अगदी शंभर टक्के नर निघत नाहीत, मधेच एखादी मादी डोकावते, कारण बाकीची जनुकं गप्प बसत नाहीत.

आणि ऊनही गप्प बसत नाही. त्या पूर्वेच्या बापाची एप्रिलमध्ये दुसरी वीण झाली. पिल्लं या वेळी निळ्या ताडपत्रीच्या टाकीत, भर उन्हात, कारण हापा फाटला होता. भाच्याने थर्मामीटर टाकला. दुपारी तीनला पाणी 36 अंश. बरीच मेली. जी जगली ती मोठी झाल्यावर तपासली, तर त्यांत नर निघाले, तेही एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे नव्हे, चांगले निम्म्याला टेकणारे. बाप तोच, आया त्याच, औषध नाही. उन्हाने अरोमाटेज दाबलं आणि एक्स-एक्स पोरी पोरगे झाल्या. तिलापियात कोवळ्या वयात कडक तापमान नराकडे झुकवतं, पण थंडीने उलट माद्या वाढतात असं होत नाही. सगळ्या कुटुंबांवर उन्हाचा परिणाम सारखा होत नाही, म्हणून याला कोणी पद्धत समजू नये. पण उन्हाळ्यातल्या बीजात नर जास्त आणि हिवाळ्यातल्यात कमी, हे तुम्ही पाहिलं असेल तर डोळे बिघडले नाहीत तुमचे.

आता जिताडा

एवढं करूनही दोन-चार टक्के माद्या राहणारच. त्यांच्या पिल्लांना खाणारा कोणीतरी हवा, आणि आपल्या पट्ट्यात त्यासाठी दूर जायला नको. तिलापिया तळहाताएवढी झाली की मग चार-पाच इंची जिताडे (खाडीतला शिकारी मासा) सोडायचे. आधी सोडले तर मूळ बीजच फस्त करतील, आणि जिताडे एका मापाचे नसले तर एकमेकांनाही. माझ्या पाच गुंठ्यांत वीस पुरतात.

जिताड्याची आपल्याला भीती नाही, कारण गोड्या पाण्याच्या तळ्यात तो वीण घालतच नाही. त्याला अंडी द्यायला समुद्राचं खारं पाणी लागतं. आपल्या देशात बंदिस्त पाण्यात त्याची वीण घ्यायला चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेला 1997 साल उजाडावं लागलं. आणि त्याचंही लिंगाचं गणित भन्नाट आहे: जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा होईपर्यंत नर म्हणून वयात येतो आणि पुढे काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याचीच मादी होते. हेकरूचं (ग्रूपर माशाचं) बरोबर उलट, धाकटे माद्या आणि थोराड नर. तळ्यातला जिताडा आपण दीड-दोन वर्षांत काढतो, म्हणून दर गिऱ्हाईक आत्याला विचारतं, “गाभोळी आहे का?” (म्हणजे पोटातली अंडी) आणि आत्या दर वेळी म्हणते, “त्यासाठी खाडीचा म्हातारा जिताडा आण, दहा किलोचा.” तिला हे कोणी शिकवलेलं नाही, चाळीस वर्षं मासे चिरून कळलेलं.

यंदा पेंड मारली, सांडव्याला बारीक जाळी बांधली, बीज विचारपूस करून घेतलं, ऑक्टोबरात शंभर मासे मोजले: तीन माद्या. दिवाळीला काठाला ढग होता, पण ताटाएवढा, आणि देवदिवाळीपर्यंत तोही गेला. फेब्रुवारीत आत्याने आमच्यासाठी तळ्यातला एक जिताडा चिरला. पोटात नखाएवढी सात पिल्लं निघाली. गाभोळी अर्थातच नव्हती.